दरबारीचा गंधार

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. गेल्या थंडीत तिथे एक काकू आल्या, वय 72. माधव संगीत महाविद्यालयात शिकलेल्या, पुढे 40 वर्षं घरीच शिकवण्या घेतलेल्या. दरबारी रागाची आलापी रेकॉर्ड करून शिष्यांना द्यायची होती. गाऊन झाल्यावर म्हणाल्या, "आवाज फार कापतो रे आता. मशीनमध्ये सरळ करता येतो म्हणे. करून टाक, पोरं ऐकतील."

टाकला करून. रोजचंच काम आहे. स्पर्धेच्या मुलांचे आईवडीलही आल्या आल्या हेच विचारतात. ग्वाल्हेरच्या गाण्याची ओळखच मुळी खुला, मोकळा आकार, म्हणजे 'आ' लावून गाणं; त्या गावात बसून मी आवाज झाकून देतो, याची मला खंत आहे.

हे सॉफ्टवेअर सप्तकाचे 12 सारखे भाग धरतं, एकेक 100 सेंटचा (सेंट हे सुरांतलं अंतर मोजायचं माप). गळा मधे कुठे रेंगाळला की त्याला जवळच्या खुंटीवर ओढून बसवतं. किती झटकन ओढायचं, ते मिलिसेकंदांत ठरवता येतं. मी आकडा अगदी खाली आणला. पडद्यावरची नागमोडी रेघ दोरीसारखी ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी काकू ऐकायला बसल्या. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर हलतायत. पंचमावरून गंधारावर, म्हणजे 'ग'वर, आल्या आणि बोटं थांबली.

"परत लाव."

परत लावलं.

"गंधार कुठे गेला?"

दरबारीचा गंधार त्या 12 खुंट्यांपैकी एकीवरही टांगलेला नसतो. कोमलाच्याही खाली असतो आणि तिथेही डोलत राहतो, संथ, ऋषभाकडे झुकत. हेच सूर अडाणा रागात आहेत, जौनपुरीतही आहेत; दरबारी ओळखायची ती या आंदोलनावरून. मी मूळ रेकॉर्डिंग उघडून काकूंना रेघ दाखवली. लांबवलेल्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर, वयाचा कंप, गंधारावर त्यांनी वर्षानुवर्षं घोटलेला डोल. पडद्यावर दोन्ही लाटाच. यंत्राने दोन्ही पुसल्या, आणि मी रात्रभर रेघांकडे बघत होतो, सलग एकदाही ऐकलं नव्हतं.

"काकू, फक्त सा सरळ करतो. गंधाराला हात लावत नाही."

त्या बराच वेळ गप्प होत्या.

"मग सा कुणाचा म्हणायचा?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मूळ आलाप लावला. खालच्या सप्तकात श्वास पुरत नव्हता, तो मधेच घेतलेला ऐकू येत होता. मग गंधार आला आणि त्यांची बोटं पुन्हा हलायला लागली.

"सा कापतोय," त्या म्हणाल्या.

"हो काकू."

"तंबोरा जरा वर घे. बाकी कशाला हात लावू नकोस."