चार बोटं

‘झाडं मोजायची सगळीकडे एकच पद्धत हवी म्हणून तुम्हीच तर भांडायचात, मग आता आडव्या का येता?’ राष्ट्रीय परिसर-निरीक्षणाच्या जाळ्याची बैठक झाली, की चहाच्या टेबलाशी कुणीतरी हे विचारतंच. गेल्या खेपेला एका तरुण सहकाऱ्यानं विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. पण विचारलंत म्हणून आता सांगते.

भांडायचे, हे खरं. माझा ठरलेला दाखला पावसाचा. चेरापुंजी असो की जैसलमेर, चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, म्हणून तर दोन्हीकडचे आकडे शेजारी-शेजारी मांडता येतात. मग झाडांनीच काय घोडं मारलंय? कुणी घेर मोजतं, कुणी व्यास. कुणी दहा सेंटिमीटरच्या वरचीच खोडं धरतं, तर तमिळनाडूतल्या मुदुमलैच्या जंगलात ५० हेक्टरांत १९८८ पासून एक सेंटिमीटरच्या खोडालाही बिल्ला आहे. हे सगळं एका गाठोड्यात बांधून त्याला देशाचं जाळं म्हणायचं? तेव्हा टाळ्या पडायच्या. मलाही आवडायच्या.

सह्याद्रीच्या माथ्यावरचा आमचा जंगलाचा तुकडा जेमतेम एक हेक्टरचा. अंजनी, जांभूळ, पिसा, मधूनच एखादा पारजांब. अकरा वर्षं मोजलेला. आपल्याकडच्या वनखात्याच्या रिवाजाप्रमाणे जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर. दर वेळी त्याच जागी टेप लागावा म्हणून तिथं खोडावर रंगाचा पट्टा. जाळ्याच्या नव्या आराखड्यात जगभर चालतं ते १.३ आलं. ते घालायला लावणाऱ्यांत मी होते. फरक सात सेंटिमीटरचा. आडवी चार बोटं.

मार्चचा तिसरा आठवडा होता. एकतीस तारखेच्या आत पैसे खर्च झाले नाहीत तर परत जाणार होते. तिथले वनमजूर, आम्ही त्यांना मामा म्हणतो, पिवळ्या रंगाचा डबा आणि तारेचा ब्रश घेऊन पहिल्या अंजनीपाशी उभे राहिले.

‘बाई, जुना पट्टा खरवडायचा व्हय?’

‘खरवडा. दोन पट्टे दिसले तर पुढच्या वेळी घोळ होईल.’

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘दोन्हीकडं टेप लावून घिऊ की. चार-आठ दिस जास्ती जातील.’

मी नाही म्हटलं. चिडून नव्हे, अगदी समजावून सांगितलं. जुनी उंची कागदावर आहेच, मामा. कधीही मोजता येईल. त्यांनी मान हलवली आणि ब्रश चालवला. नऊ दिवसांत सगळी झाडं झाली. काम वेळेत संपलं म्हणून मी सगळ्यांना वडापाव खिलवला. हे का आठवतं कोण जाणे.

जुनी उंची कागदावर नव्हती. कागदावर नुसतं १.३७ होतं. खोडाला गाठ आली, बुंध्याला आधारमुळाचा फुगवटा आला, की मामा पट्टा वर घ्यायचे. चढावरच्या झाडाला वरच्या अंगानं मापायचे, आणि माती वाहून गेली तरी पट्टा तिथंच ठेवायचे. कुठल्या झाडाला किती वर, याची नोंद म्हणजे तो पट्टाच. तो मी खरवडून घेतला होता.

पुढच्या मोजणीचं विश्लेषण झालं, तेव्हा आमचं जंगल एकाएकी तरारलेलं दिसलं. कुणीतरी अभिनंदनही केलं: कोरड्या वर्षानंतर सावरलं म्हणायचं! अंजनीसारख्या संथ झाडाचा घेर वर्षाला वाढून वाढून किती, काही मिलिमीटर. चार बोटं खाली आलं तर खोड तेवढं जाड असतंच. आणि खोडाचा हा निमुळतेपणा दर झाडाचा वेगळा, त्यामुळे सरसकट एक आकडा वजा करून सुटका नाही. दुष्काळानंतर झाडं सावरली का, हा एकच प्रश्न त्या एवढ्याशा तुकड्याला विचारण्याजोगा होता.

मी एकटीच दोषी नव्हते, हेही सांगते. आराखडा समितीचा होता, घाई पैशांची होती. पण समितीतलं कुणी त्या झाडाखाली उभं नव्हतं. मी होते.

पुढे कळलं, की माझा पावसाचा दाखला मी अर्धाच शिकले होते. चांगले वेधशाळावाले नवं उपकरण बसवतात, पण जुनं लगेच काढत नाहीत. काही काळ दोन्ही शेजारी चालवतात. बैठकीत मी मागते ते एवढंच: बदलायचं असेल तर एक फेरी दोन्ही मोजा, आणि तिचे पैसे आधीच आराखड्यात लिहा.

यावर येणारं उत्तरही खोटं नाही. अमेरिकेत १९८० पासूनचं ‘लाँग टर्म इकॉलॉजिकल रिसर्च’ हे दीर्घकालीन परिसर-अभ्यासाचं जाळं ज्या त्या जागेच्या प्रश्नांवर वाढलं, आणि जागांची तुलना करणं जड गेलं. मग तिथंच ‘निऑन’ हे देशभराचं निरीक्षण-जाळं आलं: ८१ ठिकाणं, सगळीकडे तीच यंत्रं, तीच पद्धत, मुदत ३० वर्षांची. तेही सुखानं झालं नाही, २०१५ मध्ये खर्च हाताबाहेर चालला म्हणून आराखडा कापावा लागला. आपल्याकडे त्याच वर्षी हिमालयापासून अंदमानपर्यंतच्या दीर्घकालीन निरीक्षण केंद्रांचा कार्यक्रम जाहीर झाला. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक जुनी रेघ जपत बसलं तर जाळं विणलंच जाणार नाही, असं तो तरुण म्हणतो. तीस वर्षांपूर्वीची मी त्याच्याच बाजूनं बोलते, आणि बहुतेक वेळा जिंकते. कधीकधी वाटतं, मी तत्त्वासाठी अडून बसत नाही, त्या नऊ दिवसांसाठी बसते. तसं असेल तर माझं कुणी ऐकू नये. पण मग त्या अकरा वर्षांचं काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी तुकड्यात गेले होते. काही खोडांवर सालीच्या भेगेत जुन्या पिवळ्या रंगाचे ठिपके राहिलेत. ब्रश नीट फिरला नसेल, किंवा फिरवला नसेल. मामांना मी विचारलेलं नाही. एकेचाळीस झाडं सापडली. येत्या फेब्रुवारीत पुन्हा जायचंय. मामा आता घरीच असतात, गुडघे धरलेत त्यांचे. तरी येतो म्हणालेत.