जामीन मंजूर झाला, तरी भाऊ दहा दिवस आतच

शुक्रवारी दुपारी तीनला न्यायाधीशांनी जामीन मंजूर केला आणि कोर्टाच्या पायऱ्यांवरूनच मी पुण्याला आईला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटली होती, पण ती जागीच होती. "सुटला गं," म्हणाले. न्यू जर्सीत सतरा वर्षं राहूनही मला हे माहीत नव्हतं, की फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कोर्टात जामीन मंजूर होणं वेगळं आणि माणूस बाहेर येणं वेगळं.

धाकट्या भावाला मंगळवारी पहाटे सहाला घरातून नेलं. आरोप वायर फ्रॉडचा, म्हणजे फोन-इंटरनेटसारख्या साधनांनी केलेल्या फसवणुकीचा. त्याच दुपारी त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं, दहा मिनिटांत सगळं उरकलं. सरकारी वकिलांनी जामिनाच्या सुनावणीसाठी तीन दिवस मागून घेतले. कायद्याने तेवढे मिळतात आणि शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. बातमीत "20 वर्षांपर्यंत शिक्षा" वाचून आमचे हातपाय गळाले. तो आकडा कलमातल्या कमाल शिक्षेचा असतो, प्रत्यक्ष शिक्षा बहुतेक वेळा त्याहून बरीच कमी होते, हे वकिलांनी नंतर समजावलं.

आता मुख्य गोष्ट. अट होती अडीच लाख डॉलरच्या बाँडची, त्यावर मी आणि माझा नवरा अशा दोघांच्या सह्या, आणि आमचं घर तारण. सिनेमात दिसतो तसा दहा टक्के घेऊन सोडवणारा एजंट फेडरल कोर्टात सहसा कामाला येत नाही. सोमवारी नऊ वाजता मी फाइल घेऊन कोर्टाच्या खिडकीवर हजर. घराचं डीड (मालकीचा दस्त), कर्जाची बाकी, घराच्या किमतीचा अहवाल, दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, सगळं क्रमाने लावलेलं. नवऱ्याची सही त्याने पुण्याहून स्कॅन करून पाठवली होती. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी तो तिकडे गेला होता. खिडकीवरच्या बाईंनी त्या पानावर बोट ठेवलं आणि फाइल परत सरकवली. मूळ सही हवी, नोटरीसमोर केलेली. व्हिडिओवर उभा करते म्हटलं, नाही. भारतातला नोटरी? नाही, अमेरिकन वकिलातीतला. शुक्रवारी याच खिडकीवरून मिळालेली कागदपत्रांची यादी मी तिथेच पुन्हा वाचली. त्यात यातलं एक अक्षर नव्हतं. शुक्रवारीच सांगितलं असतं तर आमचे तीन दिवस वाचले असते. ते तीन दिवस माझा भाऊ कोठडीत होता, याचा राग मला अजून आहे.

बुधवारी नवरा पहाटेच्या शिवनेरीने मुंबईला गेला, बीकेसीतल्या वकिलातीत एका शिक्क्याचे 50 डॉलर भरून सही केली. डीडवर त्याचं मधलं नाव, म्हणजे सासऱ्यांचं नाव, पूर्ण आहे. फॉर्मवर वकिलांनी नुसतं आद्याक्षर घातलं होतं. ते मी धसक्याने आधीच दुरुस्त करून घेतलं. तुम्हीही अक्षर न् अक्षर जुळवा. कुरियर शनिवारी आलं. शनिवारी खिडकी बंद.

हे आधी सांगायला हवं होतं: कोठडीतले फोन रेकॉर्ड होतात. आम्ही मराठीत बोलतोय म्हणून निर्धास्त होतो. वकील म्हणाले, सरकारकडे भाषांतरकार असतात. केसबद्दल फोनवर एक शब्द काढू नका.

सुनावणीआधी प्रीट्रायलचे, म्हणजे जामिनासाठी कोर्टाला आरोपीची माहिती देणारे अधिकारी नोकरी, घर, पासपोर्ट, तब्येत विचारतात आणि घरच्यांना फोन करून पडताळतात. आधी वकिलांशी बोला, पण खोटं सांगू नका.

आणि ग्रीन कार्डवर असाल तर गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये ठरवलंय. तरी आम्ही वेगळा वकील केला, बरं झालं.

अटकेपासून 30 दिवसांत ग्रँड ज्युरीकडून, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडून आरोपपत्र यावं लागतं. सरकारी वकिलांशी वाटाघाटी चालू असतील तर दोन्ही बाजू संमतीने मुदत वाढवतात. आमची वाढली आहे.

सोमवारी संध्याकाळी पावणेसहाला तो बाहेर आला. घोट्याला जीपीएसचा पट्टा, हातात पारदर्शक पिशवी, तिच्यात बेल्ट आणि बुटांच्या नाड्या. पासपोर्ट कोर्टात जमा. पुण्यात पहाटेचे सव्वातीन वाजले होते. या वेळी मी आईचा नंबर लावला आणि काही न बोलता फोन त्याच्या हातात दिला.