घर सोडून कायमचं आरव्हीत राहायला जाताना: पत्ता, वजन आणि कामांचा क्रम

न्यू जर्सीतलं घर विकून कायमचं आरव्हीत (चाकांवरच्या घरात) राहायचं ठरलं की माणूस आधी गाड्यांच्या जाहिराती बघायला लागतो. अनुभवाने सांगते, गाडी हे मधलं काम आहे. तिच्याआधी पत्ता ठरवायचा, कारण कर, विमा, लायसन्स, डॉक्टर, बँक हे सगळं पत्त्याला बांधलेलं असतं. आणि घराची किल्ली अगदी शेवटी द्यायची. मधल्या कामांचा क्रम चुकला तर पैसे जातात, आणि काही कामं नंतर करताच येत नाहीत.

एक गोष्ट आधीच. एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांनी हा बेत तूर्त बाजूला ठेवावा. तो व्हिसा कामाच्या ठिकाणाला आणि त्या महानगर क्षेत्राला जोडलेला असतो. क्षेत्राबाहेर कायम काम करायचं तर कंपनीला सुधारित अर्ज भरावा लागतो, आणि दर महिन्याला राज्य बदलणाऱ्यासाठी कोणी ते करणार नाही. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही, फक्त पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ फॉर्म ऑनलाइन भरायचा. हा नियम ग्रीन कार्डवाल्यांनाही आहे, हे वीस-वीस वर्षं इथे राहिलेल्यांनाही माहीत नसतं. नागरिकांना यातलं काहीच लागू नाही.

पत्त्यासाठी बहुतेक लोक तीन राज्यांपैकी एक निवडतात: साऊथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा. तिन्हीकडे राज्याचा आयकर नाही आणि तिन्हीकडे टपाल सांभाळून पुढे पाठवणाऱ्या जुन्या संस्था आहेत. टेक्ससात लिव्हिंग्स्टनला एस्केपीज, फ्लोरिडात ग्रीन कोव्ह स्प्रिंग्सला सेंट ब्रेंडन्स आइल. साऊथ डकोटाची पद्धत सगळ्यात सुटसुटीत. तिथे टपालपेटी घ्यायची, राज्यातल्या हॉटेलात किंवा कॅम्पग्राउंडवर एक रात्र काढायची, वर्षाच्या आतली ती पावती आणि रहिवासाचं प्रतिज्ञापत्र घेऊन लायसन्सच्या ऑफिसात जायचं. पावती दोघांच्या नावाने घ्या. एकाच नावाची असली की दुसऱ्याचं काम अडतं. मतदानाचं मात्र वेगळं आहे. २०२३च्या कायद्याने नोंदणीसाठी राज्यात ३० दिवस राहिल्याची अट आली, त्यामुळे लायसन्स मिळालं म्हणजे मतदार झालो असं धरू नये.

टपालपेटीसाठी पोस्टाचा १५८३ क्रमांकाचा फॉर्म लागतो. दोन ओळखपत्रं, नोटरीसमोर सही (ऑनलाइन नोटरी चालते), आणि ज्यांच्या नावाचं टपाल येणार त्या प्रत्येक प्रौढाची नोंद. बँकांना हा पत्ता खपत नाही, ही यातली खरी डोकेदुखी. टपालपेटीचा पत्ता त्यांच्या यादीत ओळखू येतो आणि त्या राहता पत्ता मागतात. म्हणून खाती, क्रेडिट कार्डं, ब्रोकरेज यांची जुळवाजुळव जुन्या घराचं वीजबिल हातात असतानाच करावी. भारतातल्या एनआरई-एनआरओ खात्यांचं केवायसीही त्याच आठवड्यात उरकून टाकलेलं बरं. पासपोर्ट किंवा ओसीआयचं काम लवकरच यायचं असेल तर तेही आधी. साऊथ डकोटाचा पत्ता झाला की न्यू यॉर्कऐवजी सिअ‍ॅटलच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे जावं लागतं.

आता घराचा कर. राहत्या घरावरच्या नफ्यात एकट्याला २,५०,००० आणि जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंत केंद्रीय सूट मिळते. विक्रीआधीच्या पाच वर्षांत एकूण दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. म्हणजे घर भाड्याने देऊन 'जमतंय का बघू' म्हणायला साधारण तीन वर्षं हातात असतात. पण भाड्याच्या काळातल्या घसाऱ्यावर विकताना कर बसतो, आणि न्यू जर्सीत आणखी एक मेख आहे. पत्ता दुसऱ्या राज्यात हलवला, घर भाड्याने दिलं आणि मग विकलं, तर क्लोजिंगच्या (विक्रीचा व्यवहार पूर्ण होण्याच्या) टेबलावरच किमतीच्या किमान २ टक्के रक्कम आगाऊ भरावी लागते. लोक त्याला 'एक्झिट टॅक्स' म्हणतात. तो वेगळा कर नाही, रिटर्न भरल्यावर हिशेबात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. विकायचंच असेल तर राहत असतानाच विकावं, हे माझं मत त्यामुळेच. सामान ठेवायला स्टोरेज युनिट घेऊ नये, हेही त्यातच आलं. भाडं दर महिन्याला जातं आणि आतलं सामान कोणी बघत नाही.

गाडीच्या करातही क्रम आडवा येतो. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के, साऊथ डकोटात वाहनावर ४ टक्के. पण जर्सीतल्या घरात राहत असताना गाडीची नोंदणी तिकडे करायची ही पळवाट धोक्याची. राज्यात घर आहे आणि वर्षात १८३ दिवसांहून जास्त मुक्काम आहे, तर जर्सी तुम्हाला रहिवासीच मानते. घर सुटायच्या आधी गाडी हवी असेल, आणि ती हवीच, तर जर्सीचा कर भरून मोकळं व्हावं. साऊथ डकोटा नोंदणी करताना आधी भरलेल्या कराची वजावट देतं.

आता वजनाकडे येते. माझ्या मते गाडीची निवड पूर्णपणे यावर व्हावी, आणि सोफा कुठे आहे ते नंतर बघावं. ट्रकच्या जाहिरातीत 'तेरा हजार पौंड ओढतो' असं ठळक छापलेलं असतं. फिफ्थ व्हीलसाठी, म्हणजे ट्रकच्या पाठीवर जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरसाठी, तो आकडा जवळजवळ निरुपयोगी, कारण ट्रेलरच्या वजनातला २० ते २५ टक्के भाग सरळ ट्रकच्या पाठीवर बसतो. ट्रक किती ओझं पेलतो ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर असतं. हिशेब असा: ट्रेलरची कमाल मर्यादा १४,००० पौंड, त्याचे २२ टक्के म्हणजे ३,०८०. हिच (ट्रकवरचा जोडणीचा सांगाडा) सुमारे २००, दोन माणसं ३३०, अवजारं आणि किरकोळ २००. एकूण ३,८१०. हाफ-टन (हलक्या वर्गातल्या) ट्रकचा स्टिकर साधारण दीड ते दोन हजार दाखवतो. वन-टनचा (जड वर्गातला) एकेरी मागच्या चाकांचा डिझेल ट्रक कधी पुरतो, कधी अगदी काठावर येतो. दुहेरी चाकांचा निश्चिंत. विक्रेता 'बिनधास्त ओढेल' म्हणतो तेव्हा तो ओढण्याबद्दल बोलत असतो. ओढणं आणि पेलणं वेगळं.

ट्रेलरलाही असाच स्टिकर असतो: सामान किती पौंड, आणि पाण्याची टाकी भरली तर त्यातलं किती जातं. पाणी गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ६० गॅलनची टाकी ५०० पौंड खाते. सामानाची मर्यादा २,४०० असेल तर उरले १,९००. डीलरने नंतर बसवलेल्या जादा बॅटऱ्या, दुसरा एसी, सोलरच्या पाट्या यातूनच जातात. दोन माणसांचा कायमचा संसार दीड हजाराच्या खाली मी पाहिलेला नाही, आणि आपल्याकडे पिठाची २० पौंडांची पिशवी, डाळी, तांदूळ, पितळेचा देव्हारा धरला तर फारच लवकर वर जातो. म्हणून ३,००० पौंडांहून कमी मर्यादेचा ट्रेलर कायमच्या राहण्याला घेऊ नये.

खरं वजन काट्यावर कळतं. ट्रकथांब्यांवरच्या कॅट स्केलवर तीन वेगळे पत्रे असतात: ट्रकची पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. आधी जोडून वजन करायचं, मग ट्रेलर सोडून फक्त ट्रकचं. दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे पाठीवर आलेलं ओझं. त्यात ट्रेलरच्या चाकांवरचं मिळवलं की ट्रेलरचं पूर्ण वजन. हे पूर्ण भरलेल्या घरासकट करायचं, रिकाम्या गाडीसकट नाही. चाकांवरच्या आकड्याची टायरच्या भिंतीवर छापलेल्या भारमर्यादेशी तुलना करा. स्वयंपाकघर आणि सरकती भिंत (थांबल्यावर बाहेर सरकवून खोली वाढवणारी) एकाच बाजूला असली तर ती बाजू जड होते आणि तिथलंच टायर फुटतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. ट्रेलरची टायरं नक्षी शाबूत असली तरी पाच ते सात वर्षांत बदलायची, आणि वेगळं छापलेलं नसेल तर ताशी ६५ मैलांच्या वर जायचं नाही.

जुनी गाडी घेताना सगळ्यात मोठा शत्रू पाणी. छताचे सांधे, खिडक्यांचे कोपरे, सरकत्या भिंतीखालची फरशी अंगठ्याने दाबून पाहायची. मऊ लागली की परत फिरायचं, किंमत कितीही पाडली तरी. बाहेरची भिंत फुगलेली दिसली तर आतला थर सुटलेला असतो, आणि तो सहसा नीट होत नाही. गाडी आपली झाल्यावर छताचं सीलंट दर तीन महिन्यांनी तपासायचं.

विजेचं सोपं आहे, पण एक जागा जिवावर बेतणारी. ३० अँपची जोडणी १२० व्होल्टची, म्हणजे ३,६०० वॉट. एसी १,५००, इंडक्शन १,८००, पाणी तापवायचा विजेचा घटक १,४०० असे तिन्ही लावले की ४,७००, आणि ब्रेकर पडणारच. ५० अँपला १२० व्होल्टचे दोन फेज, म्हणजे १२,००० वॉट. कायम राहणाऱ्याला हीच हवी. धोका आहे मित्राच्या ड्राइव्हवेत. यजमान हौसेने इलेक्ट्रिशियनकडून ३० अँपचा सॉकेट बसवून घेतात, तो बघतो ड्रायरसारखा दिसणारा प्लग आणि २४० व्होल्ट जोडतो. गाडीतली निम्मी उपकरणं एका क्षणात जातात. म्हणून कॅम्पग्राउंडचा विजेचा खांब असो की मित्राचा सॉकेट, आधी मीटरने व्होल्टेज तपासायचं आणि मध्ये नेहमी वाईट वीज तोडणारा संरक्षक लावायचा. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर घरीच राहू द्या. इथल्या विजेवर चालणाराच घ्यावा.

पाण्याच्या नळाला दाबनियंत्रक लावल्याशिवाय जोडायचं नाही. काही कॅम्पग्राउंडवर दाब १०० पीएसआयच्या वर असतो आणि आतल्या नळ्यांना ४० ते ६० पुरे. मैल्याच्या टाकीची झडप कायम बंद ठेवायची. उघडी ठेवली की पाणी वाहून जातं, घन पदार्थ खाली ढिगासारखे वाळून बसतात आणि मग सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. टाकी दोन तृतीयांश भरली की आधी ती, मग सांडपाण्याची सोडायची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. आपल्या स्वयंपाकाने खरा त्रास होतो तो सांडपाण्याच्या टाकीला. फोडणीचं तेल थंड झालं की भिंतींवर थर बसतो, पातळी दाखवणारे सेन्सर खोटं बोलू लागतात आणि उन्हाळ्यात वास येतो. कढई आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. चार पाण्यात तांदूळ धुण्याची सवय ४० गॅलनच्या टाकीला परवडत नाही. ते पाणी झाडाला.

थंडीत लोक प्रोपेन वाचवायला विजेचा हीटर लावतात. पण बऱ्याच गाड्यांत फर्नेसची (प्रोपेनवर हवा तापवणाऱ्या भट्टीची) गरम हवाच खालच्या पोकळीतून टाक्यांना ऊब देते. फर्नेस बंद, आतली खोली ऊबदार, आणि खाली नळ्या गोठलेल्या, असं होतं. लिथियम बॅटरीही शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते.

विम्यात 'फुल-टायमर' असा शब्द पॉलिसीत छापलेला हवा. साधी आरव्ही पॉलिसी सुट्टीतल्या वापरासाठी असते, आणि घराची पॉलिसी बंद झाली की त्यातली दायित्वाची सुरक्षाही जाते. आरोग्य विम्यात पासष्टीच्या आधी आणि नंतर असा मोठा फरक. मूळ मेडिकेअर (पासष्टीनंतरचा सरकारी विमा) देशभर चालतं, मेडिकेअर अॅडव्हांटेज बहुधा स्थानिक जाळ्यापुरतं. पासष्टीच्या आत असाल तर सरकारी विमा बाजारातली (मार्केटप्लेसची) योजना पत्त्याच्या काउंटीवर ठरते आणि एचएमओ (ठरलेल्या डॉक्टरांच्या जाळ्यापुरती योजना) असेल तर बाहेर फक्त तातडीचं मिळतं. राज्य निवडण्याआधी तिथल्या योजना बघाव्यात, आयकर नंतर. ६२ वर्षांवरच्या नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनी ८० डॉलरचा आजीवन ज्येष्ठ पास काढावा. अनेक केंद्रीय कॅम्पग्राउंडवर निम्मं भाडं वाचतं.

किल्ली देण्याआधी घराजवळच्याच कॅम्पग्राउंडवर दोन-तीन आठवडे राहून बघावं. सगळं चालू करायचं: फर्नेस, दोन्ही टाक्या, सरकत्या भिंती, पावसात खिडक्या. नव्या गाडीतही दोष निघतातच, आणि डीलर तासाभरावर असताना ते निघालेले बरे. उरलेलं सामानही याच दिवसांत गळतं; जे इथे हाताला लागलं नाही ते द्यायचं.

मग दक्षिणेकडचा रस्ता. न्यू यॉर्कच्या पार्कवेंवर ट्रेलर नेता येत नाही, तिथले दगडी पूल ठेंगणे आहेत. आय-९५ने उतरताना बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत मोठ्या प्रोपेन टाक्यांना बंदी आहे. पूर्वी की ब्रिजवरून वळसा घेता यायचा, पण तो २६ मार्च २०२४ला जहाजाच्या धडकेने कोसळला. आता शहराच्या पश्चिमेच्या बाजूने आय-६९५ घ्यायचा, आणि तो सकाळी दहानंतर.