दोन भिंतींमधला बोळ

माझ्या चित्रांत दोन रंगपट्ट्यांच्या मधे एक उभी कोरी पट्टी असते. प्रदर्शनात कुणीतरी विचारतंच, "मॉन्द्रियान का?" म्हणजे त्या डच अमूर्त चित्रकाराचा प्रभाव का. नाही. ती पट्टी नवी मुंबईतल्या बेलापूरच्या सेक्टर 8 मधली आहे.

आम्ही आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहायला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखलेली ही वसाहत 1980च्या दशकात उभी राहिली. सात घरं आणि मधे साधारण आठ मीटर लांब-रुंद अंगण, असे तीन पुंजके मिळून आणखी एक मोठं अंगण. उतरती कौलं, पांढऱ्या भिंती. पण मला सर्वांत मोठी वाटते ती यातली एक साधी गोष्ट: कुठल्याच घराची भिंत शेजारच्या घराशी सामाईक नव्हती. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं खोली वाढवावी, शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का लागू नये, म्हणून.

त्यामुळे मधे बोळ उरायचा. आमच्या बोळात ऊन दुपारी थोडाच वेळ उतरायचं, एक पिवळी पट्टी होऊन, आणि बघता बघता समोरच्या भिंतीवर चढायचं. पावसात दोन्हीकडच्या पागोळ्या. आई तिथूनच काकूंना हाक मारायची.

अमूर्त चित्राला गाव-पत्ता नसतो, असं शिकताना ऐकलं आणि मी ते बरीच वर्षं खरंही मानलं. मग चित्रकार झरीना हाश्मींची 1999ची 36 काष्ठठशांची, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांची, मालिका पाहिली. मोजक्या काळ्या रेघा आणि सोबत एकेक उर्दू शब्द: उंबरा, अंगण, भिंत. अलीगढचं घर सुटलेल्या या बाईनं आपण कोण हे सांगायला चेहरा काढला नाही, घराचा नकाशा काढला. त्या रात्री मी माझी जुनी चित्रं भिंतीला लावून बघत बसले. सगळीकडे बोळ होता.

आता बरीच घरं पाडून उंच बांधलीत. त्याचा राग नाही; घर वाढावं हीच तर मूळ कल्पना. आमचाही बोळ गेल्या वर्षी बुजला. गवंडी यायच्या आदल्या दिवशी मी तो टेपनं मोजला. दोन फूट सात इंच.

सध्याच्या चित्रात कोरी पट्टी तेवढीच रुंद ठेवलीय. दोन्ही बाजूंचा रंग वाळलाय. पट्टीच्या वरच्या टोकाला मात्र किंचित पिवळा लावलाय, ऊन तिथूनच यायचं.