‘मुलं ऐकतच नाहीत’ म्हणता, म्हणून

‘नववी-दहावीच्या मुलांना नीट ऐकायला शिकवता येतं का? आणि येत असेल, तर साठ मुलांच्या वर्गात नेमकं करायचं काय?’ शिक्षक विचारतात, पालकही विचारतात. बहुतेक वेळा प्रश्नाच्या आधी एक वाक्य आलेलं असतं: ‘हल्लीची मुलं ऐकतच नाहीत हो.’ माझं उत्तर या वाक्यापासूनच सुरू होतं.

मराठीत ‘ऐकणं’ या एका क्रियापदावर दोन कामं आहेत. गाणं ऐकतो ते एक, आणि ‘आईचं ऐकत नाही’ यातलं दुसरं. दुसऱ्याचा अर्थ सरळसरळ सांगितलेलं करणं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या कानावर दिवसभर पडतो तो हाच. त्यात ‘ऐकवलं’ म्हणजे सुनावलं, आणि ‘ऐकून घ्यावं लागलं’ म्हणजे बोलणी खाल्ली. अशा मुलापुढे बाईंनी ‘आज आपण श्रवणकौशल्य शिकू’ म्हटलं, की त्याला वाटतं, आला शिस्तीचा आणखी एक तास. म्हणून पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहा: ‘ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे.’ समोरच्याचं म्हणणं पटो वा न पटो, ते त्याला स्वतःला ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ असं वाटेल इतकं नेमकं मांडता आलं पाहिजे. एवढंच शिकायचंय. या वयात मुलांना स्वतःचं मत फार जपावंसं वाटतं. ऐकल्याने ते हातचं जात नाही याची खात्री पटेपर्यंत कुठलाही सराव वरवरचा होतो.

ज्याला ‘सक्रिय श्रवण’ म्हणतात तो शब्दप्रयोग १९५७ साली कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी रूढ केला. तो मुळात कामाच्या ठिकाणच्या माणसांसाठी होता, शाळेसाठी नव्हता. त्यामुळे त्याच्या तयार याद्या जशाच्या तशा वर्गात आणल्या की फसतात. ‘डोळ्यांत डोळे घालून ऐका’ हेच घ्या. आपल्याकडे मोठ्यांच्या डोळ्यांत रोखून पाहणं उद्धटपणाचं समजतात, आणि नववीतल्या मुलामुलीला एकमेकांकडे टक लावून बघायला सांगितलं तर मागच्या बाकावरून खसखस सुरू होते. काही मुलांना तर नजर मिळवावी लागली की शब्दच ऐकू येईनासे होतात. अंग वळलेलं आणि हात रिकामे, इतकं पुरतं.

सरावासाठी जोड्यांपेक्षा तिघांचा गट बरा. एका बाकावर तिघं बसतात तिथे तर तो तयारच असतो. एक बोलतो, एक ऐकतो, तिसरा पाहतो. बोलणाऱ्याला ९० सेकंद, ऐकणाऱ्याला ते परत मांडायला ३० सेकंद, आणि बोलणाऱ्याला ‘बरोबर’, ‘हे राहिलं’, ‘हे मी म्हटलंच नाही’ असं सांगायला आणखी ३०. अशा तीन फेऱ्या साडेसात मिनिटांत होतात. बाक सरकवणं, चिठ्ठ्या वाटणं धरून १२ मिनिटं धरा. आठवड्यातून दोनदा, तासाच्या सुरुवातीला. वेळ तुम्हीच पाळा, टाळी एकच वाजवा. सगळा वर्ग एकदम बोलला की आवाज चढत जातो, म्हणून आधी अर्धेच गट सुरू करा, बाकीचे तोवर आपलं लिखाण करतील.

पाहणाऱ्याच्या हातात चौकोनी चिठ्ठी. तीन रकाने: मध्येच तोडलं, आपलीच गोष्ट सुरू केली, सल्ला दिला. प्रत्येक वेळी एक काडी ओढायची. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त काड्या दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात पडतात, आणि मुलांना त्याचंच आश्चर्य वाटतं. ‘माझंही अगदी असंच झालं’ आणि ‘अगं, मग तू असं कर ना’ ही दोन वाक्यं त्यांना आपुलकीची वाटतात. असतातही. पण त्यांच्यामुळे बोलणाऱ्याच्या हातचं बोलणं दुसऱ्याकडे जातं. हे व्याख्यानातून सांगून पटत नाही, काड्या मोजल्या की पटतं.

विषय निवडताना बरेच शिक्षक चुकतात. ‘माझा आवडता सण’ किंवा ‘पर्यावरणाचं महत्त्व’ दिलंत की मूल पाठ निबंध म्हणून मोकळं होतं, आणि ऐकणाऱ्यालाही पुढचं वाक्य ठाऊक असतं. जे फक्त बोलणाऱ्यालाच माहीत आहे असं काहीतरी हवं. पहिले दोन आठवडे: सकाळी उठल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत काय काय झालं; घरी अमुक पदार्थ कसा करतात. यात क्रम असतो, वस्तू असतात, चूक लगेच पकडता येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात: एखादी छोटी गोष्ट जिचा राग आला. इथे घटनेबरोबर भावनाही परत मांडायची असते. आणि मुलांकडे शब्द असतात फक्त ‘राग’ आणि ‘टेन्शन’. फळ्याच्या कोपऱ्यात हिरमोड, ओशाळणं, धास्ती, चिडचिड, हेवा, दडपण असे दहा-बारा शब्द लिहून ठेवा. योग्य शब्द सापडला की बोलणाऱ्याचा चेहराच सांगतो.

परत मांडण्यासाठी सुरुवात द्या: ‘म्हणजे तुझं म्हणणं असं, की…’ आणि शेवटी ‘बरोबर का? काही राहिलं का?’ यातलं दुसरं वाक्य मुलं हटकून गाळतात. ते गाळलं की ऐकणारा स्वतःच निकाल देऊन मोकळा होतो, म्हणून त्याचा आग्रह धरा. दुसरी चूक म्हणजे री ओढणं. समोरच्याचे शब्द पोपटासारखे तसेच्या तसे. त्यावर सोपा उपाय आहे: बोलणाऱ्याने वापरलेलं मुख्य क्रियापद किंवा विशेषण न वापरता सांगायचं. ‘मला भावाने खोलीतून हाकललं’ याचं ‘तुला तिथे थांबू दिलं नाही’ झालं, की अर्थ डोक्यातून गेला हे कळतं. हुंकाराचंही तसंच. गोष्ट ऐकताना ‘हं’ देत जाणं आपल्याकडे जुनंच आहे, पण सूचना म्हणून सांगितलं तर मुलं दर दोन सेकंदांनी मान हलवत बसतात. हुंकार शिकवूच नका, तो आपोआप येतो.

प्रश्न विचारण्याची पायरी पाचव्या आठवड्याच्या आधी नको. आणि त्यात दोन छोट्या शब्दांवर लक्ष ठेवा. एक, वाक्याच्या शेवटी येणारं ‘ना’. ‘तुला वाईट वाटलं ना?’ यात उत्तर आधीच भरलेलं असतं, समोरच्याने नुसतं ‘हो’ म्हणायचं. दुसरा ‘का’. ‘का गेलास?’, ‘का नाही सांगितलंस?’ हे आपल्या घरांत आणि शाळांत झाडाझडतीचे प्रश्न आहेत, मूल लगेच सफाई द्यायला लागतं. ‘मग काय झालं?’, ‘ते कसं?’, ‘त्या वेळी तुझ्या मनात काय आलं?’ यांनी बोलणं उघडतं.

बोलीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोरमाटी, कोरकू बोलणारं मूल प्रमाण मराठीत बोलायला लागलं की निम्मं लक्ष भाषेकडे जातं. त्याला घरच्या बोलीत बोलू द्या. शब्द अडला तर ऐकणाऱ्याने अर्थ विचारावा. बोलीला हसणं मात्र पहिल्याच दिवशी थांबवा, नाहीतर ते मूल वर्षभर ‘काही नाही’ एवढंच बोलेल. अडखळत बोलणाऱ्याला ९० ऐवजी १५० सेकंद द्या, आणि त्याचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं नाही हा नियम ठेवा. कमी ऐकू येणाऱ्याचा गट पंख्यापासून आणि रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर बसवा, बोलणाऱ्याचे ओठ त्याला दिसले पाहिजेत.

मुलं मोकळेपणाने बोलायला लागली की कधीतरी एखादं फार जड काहीतरी सांगून बसतं. आधीच सांगून ठेवा: वर्गात सांगता येईल तेवढंच इथे, बाकीचं मला एकट्याला सांगा. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीच देऊ नका. लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कुठल्याही संकटातल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो वर्गात लावलेलाच असू द्या.

दहावीला भाषेच्या १०० गुणांपैकी ८० लेखी आणि २० अंतर्गत, म्हणून पुष्कळ ठिकाणी ‘श्रवण’ म्हणजे उतारा वाचून दाखवायचा आणि खाली पाच प्रश्न. त्याने स्मरण तपासलं जातं. या सरावाला गुण द्यायचेच असतील तर बोलणाऱ्याचा निवाडा धरा: पूर्ण पोचलं, अर्धं पोचलं, नाही पोचलं. आणि पहिल्या व आठव्या आठवड्याच्या काड्या शेजारी ठेवून बघा.

तुमच्या स्वतःच्या दोन सवयी मात्र याआड येतील. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. दुसरी सवय: प्रत्येक मुलाचं उत्तर शिक्षकाने मोठ्याने पुन्हा म्हणणं. त्यामुळे वर्ग शिकतो, की मित्राचं ऐकायची गरज नाही, सर सांगतीलच. ते थांबवा. ‘ती काय म्हणाली, कोण सांगेल?’ असं विचारा, पण सांगून-सवरून. डुलकी लागलेल्याला दचकवून विचारलंत, तर ऐकणं पुन्हा शिक्षेच्या खात्यात गेलं.

सातव्या आठवड्यात वाद आणा: शाळेत मोबाईल असावा का, सहल कुठे न्यावी. इथे रॉजर्सचा एकच नियम लावा. समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना त्याचं समाधान होईल इतकी मांडल्याशिवाय आपलं मत मांडायचं नाही. वाद अर्ध्या वेगाने चालतो. दोन मुलं कंटाळतील, एखादा चिडेलही. घाई करू नका. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या फेरीला कुणीतरी म्हणतंच, ‘नाही, तू म्हणतोस ते मला आत्ता कळलं, पण मला तरी पटत नाही.’ फळ्यावरचं पहिल्या दिवशीचं वाक्य त्या दिवशी पुसलं तरी चालेल.