कॉमिक्स महोत्सव आणि जोडून कार्यशाळा: आठ पानं पूर्ण करूनच निघा

कॉमिक्स महोत्सव आणि त्याला जोडून चित्रकथेची कार्यशाळा असा प्रवास करून आल्यावर पुढच्यांना सांगण्याजोगी पहिली गोष्ट एकच: निघण्याआधी आठ पानांची एक गोष्ट पूर्ण करा. रेखाटनांच्या वह्या, सुटी पोस्टरं, अर्धवट राहिलेली दोनशे पानांची महाकथा यांपैकी कशाचाच तिथे फारसा उपयोग होत नाही. महोत्सवात आपली पुस्तकं विकायला मांडलेल्या टेबलापाशी थांबणारा वाचक, पोर्टफोलिओ म्हणजे निवडक कामाची फाईल चाळणारा संपादक आणि वर्गातले शिक्षक हे तिघंही तेच बघतात, की या चौकटीवरून नजर पुढच्या चौकटीवर सहज जाते का. ते दिसायला सलग पानंच लागतात.

मोठ्या महोत्सवांचं आकर्षण स्वाभाविक आहे. सॅन दिएगोचं कॉमिक-कॉन १९७० पासून, फ्रान्समधला अँगुलेमचा महोत्सव १९७४ पासून, तोक्योचं कॉमिकेत १९७५ पासूनचं. कॉमिकेत तर स्वतः काढून स्वतः विकणाऱ्यांच्या जोरावरच उभं राहिलं. तरीही टेबल मांडायची पहिलीच वेळ असेल तर लहान महोत्सव निवडा. तिथे माणसं टेबलाटेबलाशी थांबत जातात. मोठ्या ठिकाणी गर्दी पुढे ढकलत नेते आणि नवख्याच्या टेबलावर नजर पडेपर्यंत माणूस दोन टेबलं पुढे गेलेला असतो.

आठ पानांचं पुस्तक एका ए४ कागदात, एकाच बाजूला छापून होतं. कागद आडवा ठेवा आणि चार रकाने, दोन ओळी असे आठ भाग पाडा. खालच्या ओळीत डावीकडून ८, १, २, ३ ही पानं सुलटी. वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४ ही पानं उलटी, म्हणजे डोकं खाली. सगळ्या घड्या आधी घालून उलगडा. मग दोन ओळींमधल्या घडीवर फक्त मधल्या दोन रकान्यांपुरती चीर द्या. छापील बाजू बाहेर ठेवून कागद लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, चीर उघडून अधिक चिन्हासारखा आकार होईल. तो मिटला की पुस्तक तयार. बिघडतं ते तीन ठिकाणी. चीर एक रकाना जास्त लांब गेली तर पुस्तक सुटं होतं. कागद १२० जीएसएमच्या (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, म्हणजेच जाडी) वर गेला तर घड्या बसत नाहीत, पुस्तक उघडंच राहतं. ८० ते १०० उत्तम. आणि साधा प्रिंटर कागदाच्या कडेला काही मिलिमीटर छापतच नाही, म्हणून अक्षरं कडेपासून निदान ८ मिमी आत ठेवा.

मोठं पुस्तक न्यायचं असेल तर पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच हवीत. वजनाचा हिशेबही आधी करा: १०० जीएसएम कागदावर ए५ आकाराची ३२ पानं म्हणजे ए४चे आठ कागद, साधारण ५० ग्रॅम. शंभर प्रती म्हणजे ५ किलो, मुखपृष्ठ धरलेलंच नाही. घडीच्या पुस्तकांचे मात्र छापील कागद सपाट नेता येतात आणि लागतील तशा घड्या टेबलावरच घालता येतात.

छपाईत सर्वांत जास्त फसगत होते ती काळ्या रेषेची. स्कॅन करताना रेषेच्या कडेला राखाडी छटा येते, छापताना त्या छटेचे ठिपके पडतात आणि रेषा केसाळ दिसते. निव्वळ काळ्या-पांढऱ्या पानाची फाईल ६०० डीपीआयला (दर इंचात ६०० ठिपके), राखाडी अजिबात न ठेवता करा; छटांची किंवा रंगीत पानं ३०० ला चालतात. ए३वर काढून ए४वर छापणार असाल तर सगळं ७१ टक्के होतं, म्हणजे ०.३ मिमीची रेषा ०.२ वर येते. संवादाच्या फुग्यांतल्या मजकुराचा विचार इथेच करायला हवा. देवनागरीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींत अंतर जास्त लागतं. आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. उलट केलं की शेवटची ओळ हमखास चेपते.

टेबल सपाट मांडू नका. उभ्या माणसाची नजर सपाट पुस्तकावर ठरत नाही. निदान एक प्रत स्टँडवर तिरकी उभी हवी आणि एक प्रत हाताळायला मोकळी, तिच्यावर "वाचून बघा" असं लिहिलेली. किंमत मोठ्या अक्षरात लिहा, कारण विचारायला संकोचणारे निघून जातात. टेबलावर चित्र काढत बसलं की लोक जमतात हे खरं, पण मान खाली राहिली तर कुणी बोलत नाही. वाचक कोणत्या पानावर रेंगाळतो आणि कुठे दोन पानं एकदम उलटतो याची नोंद ठेवा. वर्गात विचारायचे प्रश्न त्या नोंदीतूनच निघतात.

पोर्टफोलिओ दाखवण्याची नावनोंदणी बऱ्याच ठिकाणी आधी करावी लागते, आणि समोर मिळतात ती मोजकी मिनिटं. एकाच गोष्टीची पाच ते आठ सलग पानं न्या, सर्वांत दुबळं पान काढून टाका. पानं उलटली जात असताना गोष्ट समजावून सांगू नका. जे सांगावं लागतं ते पानात नाही, इतकं तिथेच कळतं. "कसं वाटलं?" याला उत्तर "छान" एवढंच मिळतं. "कुठे अडखळलात?" असं विचारा.

महोत्सव आधी आणि वर्ग नंतर, हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो. वर्गाची सुरुवात बहुधा तीस सेकंद, एक मिनिट, दोन मिनिटं अशा झटपट मानवाकृतींनी होते. पहिल्या तीस सेकंदांत चेहरा काढणाऱ्याचं धड राहून जातं; कण्याची रेघ आणि वजन कोणत्या पायावर आहे एवढंच धरा. पुढे एका पानाची नऊ चौकटींची गोष्ट करायला देतात तेव्हा अर्धा वेळ पहिली चौकट सजवण्यात जातो. आधी पानाचे तीन-चार आराखडे काडेपेटीएवढे काढा, मग सगळ्या चौकटी पेन्सिलीत, मगच शाई.

शाईत बुडवून काढायच्या टाकाच्या नव्या नीबवर तेलकट थर असतो, शाई थेंब होऊन सरकते. स्पिरिटच्या कपड्याने पुसली की धरते. जलरोधक चित्रशाई फाउंटन पेनात भरू नका, आत वाळून पेन कायमचं बसतं. खोडरबर शाई पूर्ण वाळल्यावरच, आणि काळे मोठे भाग वाळायला रेषांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. विमानाने जाणार असाल तर कटर चेक-इन सामानात टाका. हातातल्या सामानात न्यायची शाईची बाटली १०० मिलीच्या आतली, तोंड घट्ट बंद करून पिशवीत. परतताना शाईची पानं गुंडाळू नका. मध्ये बटरपेपर घालून दोन पुठ्ठ्यांत सपाट बांधा.