कंपनी बुडाली तर साहेबाला कोर्टात खेचायचं का?

टेक कंपनी तोट्यात गेली की सीईओवर केस घाला, आत टाका, असं आजकाल बरेच जण बोलतात, आणि ज्याची नोकरी गेलीय त्याचा संताप मला पटतोही. पण नुसता धंदा बसला म्हणून कुणाला जेलमध्ये घालू नये असं माझं ठाम मत आहे. आमच्या बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतले लोखंड ओतणारे फौंड्रीवाले लहानपणापासून बघतोय, गाड्यांचा खप पडला की कास्टिंगच्या ऑर्डरी थांबतात, भट्टी थंड पडते, त्यात मालकाचा काय दोष? त्याला पोलीस उचलायला लागले तर उद्या कोण कर्ज काढून शेड टाकणार.

खोटं बोलून लुबाडणं वेगळं. सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनी जानेवारी 2009 मध्ये स्वतः पत्र लिहून कबूल केलं की हिशोबात हजारो कोटी फुगवलेत, आणि एप्रिल 2015 मध्ये हैदराबादच्या कोर्टानं त्यांना 7 वर्षांची शिक्षा सुनावली. अमेरिकेत थेरानोस या रक्ततपासणीच्या कंपनीच्या एलिझाबेथ होम्सला 2022 मध्ये सव्वाअकरा वर्षं झाली. फसवणुकीला आपल्याकडं कंपनी कायद्याचं कलम 447 आहे, 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तिथं वादच नाही.

मला राग येतो तो या दोन्हीच्या मधल्या लोकांचा. खोटा हिशोब लिहिला नाही, पण कंपनीचं वाटोळं झालं आणि हे मात्र करून सवरून नामानिराळे. नोकियाचं बघा की. स्टीफन एलॉप सीईओ असताना नोकियाचा स्मार्टफोनचा धंदा कोसळला, 2013 मध्ये मोबाईल विभाग मायक्रोसॉफ्टला विकायचं ठरलं आणि एलॉपना जाताना जवळपास 1 कोटी 88 लाख युरो मिळाले. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना टॅक्सच्या वादात अडकून त्या व्यवहारातून बाहेर राहिला आणि 1 नोव्हेंबर 2014 ला बंद पडला, हजारो कामगार, त्यात कितीतरी तरुण मुली, घरी बसल्या. एलॉपनी कुठला कायदा मोडला नाही, त्यांना शिक्षा करा असं मी म्हणणार नाही, पण धंदा पडत असताना एवढा पैसा घेऊन जाता येतो हेच मला मान्य नाही.

आणि गंमत नाही, खरंच विचार करा, आमच्या भागातल्या सहकारी सोसायटीच्या संचालकाला यापेक्षा कडक कायदा लागतो. कर्नाटकच्या 1959 च्या सहकारी कायद्यात कलम 69 आहे, त्याला सरचार्ज म्हणतात, पलीकडं महाराष्ट्रात तेच काम कलम 88 करतं. संचालकानं विश्वासघात केला किंवा जाणूनबुजून हयगय केली आणि संस्थेला खड्डा पडला तर तो त्याच्या स्वतःच्या खिशातून भरून घेता येतो. आमच्या ओळखीतल्या एका संचालकाच्या शेताच्या उताऱ्यावर असा बोजा चढलेला मी बघितलाय, घराच्या दाराला नोटीस चिकटवलेली, बायकापोरं मागच्या दारानं ये-जा करायची. वाईट वाटलं, पण त्याच संस्थेत रोज पिग्मी, म्हणजे रोजची थोडी थोडी बचत, भरणाऱ्या भाजीवालीचे पैसे अडकले होते ते पण डोळ्यासमोर होतं. हे वसुलीचं काम वर्षानुवर्षं रखडतं हेही खरं, तरी कलम आहे म्हणून सही करताना माणूस दोनदा विचार करतो.

आता माझ्या भाच्याचं सांगतो. बेंगळुरात एका स्टार्टअपमध्ये होता, कंपनीचं नाव घेत नाही. पगार आधी लेट, मग अर्धा, मग नुसतीच आश्वासनं, आणि याच काळात कंपनी नवीन पोरांना ऑफर लेटर देत होती! खानापूरकडचा त्याचा मित्र त्यातच जॉईन झाला, घरच्यांनी उसने पैसे घेऊन रूमचा ॲडव्हान्स भरला होता. एक दिवस व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना सांगितलं उद्यापासून येऊ नका. भाच्यानं पीएफचं पासबुक उघडून मला दाखवलं, पे स्लिपवर पीएफ कापलेला आणि पासबुकात ते महिने रिकामे. बहीण एवढंच म्हणाली, "दादा, पगार द्यायला पैसे नव्हते तर दुसऱ्यांच्या पोरांना बोलवून घेतलंच कशाला?"

माझं सगळं म्हणणं तिच्या या प्रश्नातच आहे. तोटा होणं गुन्हा नाही, पण कंपनी वाचत नाही हे माहीत असून माणसं भरत राहणं, गिऱ्हाईकांचे ॲडव्हान्स घेत राहणं, याचा हिशोब त्या खुर्चीत बसलेल्याकडूनच घेतला पाहिजे. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात कलम 66 मध्ये हे थोडंफार आहे, म्हणजे दिवाळखोरी टळत नाही हे कळूनही कंपनीकडून ज्यांचे पैसे येणं आहेत त्यांचं नुकसान कमी करायला संचालकानं योग्य ती काळजी घेतली नाही तर एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांचे खटले चालवणारं न्यायाधिकरण, त्याला पदरचे पैसे भरायला लावू शकते. पण तो अर्ज करायचा रिझोल्यूशन प्रोफेशनलनं, म्हणजे दिवाळखोरीच्या काळात कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसानं, माझा भाचा थेट करू शकत नाही. त्यानं फक्त आपल्या थकबाकीचा क्लेम टाकायचा आणि लाईनीत उभं राहायचं, आणि कंपनी लिक्विडेशनला गेली, म्हणजे सगळं विकून देणी भागवायची वेळ आली, तर त्या लाईनीत तारण ठेवलेल्या बँका आणि कामगार पुढं, बाकी स्टाफ त्यांच्या मागं.

कॅनडाच्या कंपनी कायद्यात कर्मचाऱ्यांच्या 6 महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगाराला संचालक व्यक्तिशः जबाबदार धरले जातात, काही अटी आहेत, पण कायदा आहे. तिथं काय कंपन्या निघायच्या बंद झाल्या नाहीत. आपल्याकडं एवढं एक कलम आणा, पगार थकलेला असताना वरच्यांनी घेतलेला बोनस परत घ्यायची सोय करा, आणि कलम 66 चा अर्ज करायचा हक्क कर्मचाऱ्यांनाही द्या. जेलची भाषा मग कुणाला करायचीही गरज पडणार नाही, कारण तिसऱ्या महिन्याचा पगार थकला की एचआरला नवीन भरती थांबवा म्हणून सांगणारा पहिला माणूस तो सीईओच असेल.